गतिरोधकावर गाडी खाली का लागते?

छोट्या मोटारींच्या माहितीपत्रकात ‘ग्राउंड क्लिअरन्स’पुढे (म्हणजे रस्ता आणि गाडीचा तळ यांतल्या अंतरापुढे) साधारण १६० ते १७० मिलिमीटर असा आकडा छापलेला असतो. मारुती स्विफ्टचा तो १६३ आहे. पुष्कळदा हा आकडा रिकाम्या गाडीचा असतो. मागे तिघे बसले आणि डिकी भरली की स्प्रिंग दबून गाडीचा मागचा भाग सहज तीन-चार सेंटिमीटर खाली येतो.

मात्र गाडी खाली लागेल की नाही, हे उंचवट्याच्या उंचीइतकेच त्याच्या आकारावरही अवलंबून असते. रस्त्यांची मानके ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेस या संस्थेच्या प्रमाणानुसार गोलाकार गतिरोधक १० सेंटिमीटर उंच, गाडीच्या दिशेने ३.७ मीटर रुंद आणि १७ मीटर त्रिज्येचा असतो. स्विफ्टच्या पुढच्या व मागच्या चाकांमधले अंतर २.४५ मीटर, म्हणजे गतिरोधकाच्या रुंदीपेक्षा कमी आहे. त्यामुळे गाडी मधोमध आली की चारही चाके उंचवट्यावरच असतात, आणि वर्तुळाचे गणित मांडले तर गतिरोधकाचा माथा चाकांच्या पातळीपेक्षा जेमतेम साडेचार सेंटिमीटर वर राहतो. भरलेली गाडीही तो आरामात ओलांडते.

याउलट गल्लीच्या तोंडाशी कुणीतरी रातोरात घातलेला, १५ सेंटिमीटर उंच आणि हातभर रुंद बांध घ्या. पुढची चाके त्याच्या अलीकडे-पलीकडे न रेंगाळता सपाट रस्त्यावर उतरतात, मागची अजून चढलेली नसतात, आणि पूर्ण १५ सेंटिमीटरचा उंचवटा थेट तळाखाली येतो. उंची दीडपट, पण तळाला भिडणारा भाग तिपटीहून जास्त! असा बांध तिरका घेतला तर चाके एकेक करून चढतात आणि तळ बराच वेळ उचललेला राहतो. ब्रेकही चढण्याआधीच सोडावा, कारण ब्रेक दाबलेला असताना गाडीचे नाक खाली जाते.

शेतरस्त्यांवर अडचण वेगळी असते. उसाच्या ट्रॅक्टर-ट्रॉलींनी पाडलेली चाकोरी खोल होत जाते, मधली गवताळ पट्टी मात्र तशीच राहते, आणि छोट्या गाडीची चाके चाकोरीत गेली की ती पट्टी संपूर्ण वाटभर तळाला घासते. तिथे एका बाजूची चाके मधल्या पट्टीवर आणि दुसऱ्या बाजूची कडेला ठेवून जाणे बरे. गवतात दगड दडलेला असेल तर तो बहुधा चेंबरलाच (इंजिनाखालच्या ऑइलच्या टाकीलाच) लागतो.

स्प्रिंगमध्ये रबरी बफर घालून गाडी उचलता येते, पण गुरुत्वमध्य वर गेल्याने ती वळणावर जास्त कलते, म्हणून मला तो उपाय पसंत नाही. चेंबर फुटून ऑइलचा दिवा लागलाच, तर इंजिन जागीच बंद करून गाडी टोचन करून न्यावी; ऑइलशिवाय इंजिन काही मिनिटांतच जाम होऊ शकते.