जर्मेनियमची लेन्स साध्या कॅमेऱ्यावर का चालत नाही : पार्श्वभूमी

जर्मेनियमची लेन्स पहिल्यांदा हातात घेतली की ती लेन्स वाटतच नाही. घासून लख्ख केलेल्या स्टीलच्या वाटीच्या बुडासारखी दिसते, आकाराच्या मानाने चांगलीच जड लागते आणि उजेडासमोर धरली तरी पलीकडचं काही दिसत नाही. थर्मल कॅमेऱ्यातून काढलेली अशी लेन्स जुन्या सामानात कधीकधी परवडेल अशा भावात मिळते. मग फोटोग्राफीची आवड असलेल्या माणसाच्या मनात येतंच : ॲडॉप्टर करून घेतला आणि ही आपल्या डीएसएलआरवर चढवली, तर उष्णतेचे फोटो निघतील का?

नाही निघत. फोटो काळाच येतो. तरीही हा प्रश्न खुळा मुळीच नाही. ‘इन्फ्रारेड’ या एकाच नावाखाली आपण दोन वेगळ्या गोष्टी घातल्यात आणि हा घोळ सव्वादोनशे वर्षांचा आहे.

१८०० साली इंग्लंडमध्ये खगोलशास्त्रज्ञ विल्यम हर्शेल यांनी काचेच्या लोलकातून सूर्यप्रकाशाचा पट्टा पाडला आणि प्रत्येक रंगात तापमापी धरून पाहिली. तांबड्याच्या पलीकडे, जिथे डोळ्यांना काहीच दिसत नव्हतं, तिथे पारा सगळ्यात जास्त चढला. अवरक्त, म्हणजेच इन्फ्रारेड, किरण सापडले ते असे. पण लोलक काचेचा होता, हे विसरून चालणार नाही. काच तांबड्याच्या जवळचेच अवरक्त किरण नीट सोडते. आपल्या अंगातून, भिंतीतून, चहाच्या कपातून सतत बाहेर पडणारे जे किरण असतात त्यांची तरंगलांबी साधारण ८ ते १४ मायक्रॉन (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), म्हणजे दृश्य प्रकाशाच्या पंधरा-वीसपट. ते त्या लोलकातून पारच झाले नसते.

जवळचे अवरक्त किरण आणि उष्ण वस्तूंचे हे लांबचे किरण यांच्यातली फट आकड्यांत पकडली ती मॅसेदोनिओ मेलोनी या इटालियन शास्त्रज्ञाने, १८३० च्या दशकात. मला या सगळ्या इतिहासात त्याचंच काम सर्वांत मोलाचं वाटतं. त्याने चार उष्ण वस्तू घेतल्या : दिव्याची ज्योत, लाल तापलेला प्लॅटिनम, ३९० अंशांचं तांबं आणि १०० अंशांचं तांबं. काचेच्या पट्टीतून दिव्याची ३९ टक्के उष्णता पार झाली, प्लॅटिनमची २४, तापलेल्या तांब्याची ६ आणि १०० अंशांच्या तांब्याची शून्य. मग त्याने खनिज मिठाची पट्टी ठेवली. चारही वेळा सुमारे ९२ टक्के. आपल्या स्वयंपाकघरातलं सैंधव ते हेच! पुढची शंभर वर्षं अवरक्त किरणांच्या प्रयोगशाळांत लोलक आणि खिडक्या मिठाच्याच असायच्या आणि हवेतल्या दमटपणापासून त्या जपाव्या लागायच्या.

उष्णतेचे हे किरण आरपार सोडणारं जर्मेनियम हे मूलद्रव्य या कामात बऱ्याच उशिरा आलं. मेंडेलीव्हने १८७१ मध्ये त्याचं भाकीत केलं आणि १८८६ मध्ये जर्मनीतल्या फ्रायबर्गमध्ये क्लेमेन्स विंकलर यांना ते सापडलं. १९४७ मध्ये जर्मेनियमचा पहिला ट्रान्झिस्टर बनला, त्यानंतर अतिशुद्ध जर्मेनियम बनवण्याचं तंत्र पक्कं झालं आणि त्यातून लेन्सही शक्य झाल्या. वर लेप दिला नाही तर प्रत्येक पृष्ठभागावरून तिसऱ्या हिश्श्याहून जास्त किरण परत फिरतात, म्हणून अशा लेन्सवर लेप असतोच.

फोटोग्राफी मात्र हर्शेलच्या, म्हणजे जवळच्या अवरक्त किरणांच्या बाजूलाच राहिली. १९१० मध्ये अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञ रॉबर्ट वुड यांनी पांढरीशुभ्र झाडं आणि काळंभोर आकाश दाखवणारी अवरक्त छायाचित्रं प्रसिद्ध केली. त्यात झाडांची उष्णता नव्हती, पानांवरून परतलेलं ऊन होतं. डिजिटल कॅमेऱ्याचंही तसंच. टीव्हीचा रिमोट फोनच्या कॅमेऱ्यासमोर धरून बटण दाबा, बऱ्याच फोनवर जांभळट ठिपका लुकलुकताना दिसेल. तो जवळचा अवरक्त प्रकाश. कॅमेऱ्यातल्या सिलिकॉनच्या सेन्सरची नजर सुमारे १.१ मायक्रॉनला संपते आणि तिथपर्यंतचा प्रकाश जर्मेनियम सोडतच नाही, म्हणून फोटो काळा.

तरीही साध्या कॅमेऱ्याने उष्णतेचं चित्र टिपता येतं, फक्त मध्ये एक दुभाषी लागतो. १९२९ मध्ये जर्मन भौतिकशास्त्रज्ञ मारियानुस चेर्नी यांनी पातळ पडद्यावर सहज उडून जाणाऱ्या पदार्थाचा थर दिला आणि त्यावर उष्णतेची प्रतिमा पाडली. जिथे ऊब जास्त, तिथे थर जास्त उडाला आणि डोळ्यांना दिसेल असं चित्र उमटलं. १९६० च्या दशकात स्वीडनच्या आगा कंपनीने वीजवाहिन्या तपासायला थर्मल कॅमेरे विकायला काढले, तेव्हा त्यातल्या किरण टिपणाऱ्या सेन्सरला द्रव नायट्रोजनने थंड ठेवावं लागे आणि पडद्यावरचं चित्र साध्या कॅमेऱ्याने टिपून ठेवत.

थंड न करता चालणारा सेन्सर अमेरिकेत हनीवेलने १९८० च्या दशकात बनवला. व्हॅनेडियम ऑक्साइडचे सूक्ष्म ठिपके किरणांनी तापतात, त्यांचा विद्युत रोध बदलतो आणि तोच मोजला जातो. लष्करी गुप्ततेतून हे तंत्र १९९२ मध्ये मोकळं झालं. २०१४ मध्ये फ्लिर वन नावाचं फोनला जोडायचं उपकरण आलं. त्याला दोन डोळे होते : एक थर्मल, जेमतेम ८० बाय ६० ठिपक्यांचा, आणि शेजारी एक साधा कॅमेरा. दाराची चौकट, बोटांच्या कडा, स्विचबोर्डावरची अक्षरं साधा कॅमेरा रेखाटतो आणि थर्मल डोळा त्यात उष्णतेचे रंग भरतो.

त्या थर्मल डोळ्याची लेन्स जर्मेनियमची नव्हती, सिलिकॉनची होती. साध्या कॅमेऱ्याचा सेन्सर ज्याचा असतो, तेच सिलिकॉन. शरीराच्या उष्णतेचे किरण त्यातून बरेचसे आरपार निघून जातात. म्हणूनच त्याची लेन्स होते, आणि म्हणूनच त्याचा सेन्सर ते किरण पकडू शकत नाही.