हात, डोळा आणि वही : पहिल्या वर्षाच्या प्रॅक्टिकलमागचा इतिहास

जीवविज्ञानाच्या पहिल्या वर्षात आज पिपेट (द्रव मोजून घ्यायची नळी) कशी धरायची, सूक्ष्मदर्शक कसा लावायचा, नोंदवही कशी लिहायची, इतकंच काय पण अभ्यास कसा करायचा, यासाठीही वेळापत्रकात वेगळे तास असतात. पूर्वी ‘हे काय शिकवायचं, बघूनबघून येतंच की’ असा सरळ समज होता. ज्यांना तसं आलं ते पुढे गेले. ज्यांना आलं नाही त्यांना विज्ञान जमत नाही, असं ठरवून सगळे मोकळे झाले.

एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला प्रयोग प्राध्यापकांनी करायचा आणि विद्यार्थ्यांनी बाकावरून बघायचा, हीच रीत होती. ती मोडण्यात मोठा वाटा रसायनशास्त्राचा. १८२४ मध्ये युस्टुस फॉन लीबिग वयाच्या २१ व्या वर्षी जर्मनीतल्या गीसेन विद्यापीठात रुजू झाला. त्याच्याकडे विद्यार्थी स्वतःच्या हाताने पदार्थांचं पृथक्करण करायचे. आधी ओळखीचे नमुने, मग अनोळखी, आणि हात बसला की स्वतःचं संशोधन. आजच्या प्रात्यक्षिकांची चढती मांडणी बरीचशी तिथून आली आहे.

जीवविज्ञानाला आणखी जवळपास अर्धशतक लागलं. १८७१ च्या उन्हाळ्यात लंडनच्या साउथ केन्सिंग्टनमध्ये जीवशास्त्रज्ञ थॉमस हक्स्लीने शाळाशिक्षकांसाठी एक वर्ग घेतला. मायकेल फॉस्टर, विल्यम रदरफर्ड आणि रे लँकेस्टर मदतीला होते. आधी व्याख्यान आणि मग जे ऐकलं तेच समोर घेऊन कापायचं, बघायचं, काढायचं. या अनुभवातून हक्स्ली आणि हेन्री न्यूवेल मार्टिन यांनी १८७५ मध्ये प्रात्यक्षिकांचं पुस्तक काढलं. त्याची सुरुवात यीस्टपासून होती आणि बेडूक शेवटी, कारण यीस्ट साधा आणि बेडूक गुंतागुंतीचा. विषयाच्या दृष्टीने क्रम अगदी चोख.

पण १८८८ च्या सुधारित आवृत्तीत हा क्रम उलटला आणि बेडूक आधी आला. मला या सगळ्या इतिहासातली ही सर्वांत मोलाची गोष्ट वाटते. यीस्ट रचनेने सोपा खरा, पण तो दिसण्यासाठी सूक्ष्मदर्शकाचं जास्त शक्तीचं भिंग लागतं. नवशिक्याला तिथे स्वतःच्या पापण्यांची सावली आणि हवेचे बुडबुडे दिसतात, आणि तो त्यांचीच आकृती मन लावून काढतो. विषयाचा सोपा क्रम आणि शिकणाऱ्याचा सोपा क्रम वेगळे असतात, हे तेव्हा कळलं. पुढे आपण ते कितीदा तरी विसरलो.

ही दारं सगळ्यांना उघडी नव्हती. केंब्रिजमध्ये विद्यार्थिनींना विद्यापीठाच्या प्रयोगशाळांत पुरेसा वाव नव्हता, म्हणून न्यूनहॅम आणि गर्टन कॉलेजांतल्या मुलींसाठी १८८४ मध्ये बाल्फोर प्रयोगशाळा सुरू झाली. ती १९१४ पर्यंत चालली.

मधल्या काळात अवजारं बदलली आणि त्यांच्याबरोबर कौशल्यंही. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत पिपेट सर्रास तोंडाने ओढली जायची, मग आत जंतूंचं द्रावण का असेना. १९५७ मध्ये जर्मनीतल्या मारबुर्गमध्ये हाइनरिश श्निट्गरने दट्ट्याची पिपेट तयार केली आणि काम मायक्रोलीटरवर, म्हणजे लीटरच्या दहा लाखाव्या भागावर आलं. अंगठ्याला दोन टप्पे शिकावे लागले : पहिल्या टप्प्यापर्यंत दाबून द्रव ओढायचा, आणि सोडताना दुसऱ्या टप्प्यापर्यंत जायचं. नवा विद्यार्थी ओढतानाच दुसऱ्या टप्प्यापर्यंत दाबतो, जास्त द्रव घेतो, आणि पुढची सगळी आकडेमोड चुकते. फळ्यावर आकृती काढून हे अंगवळणी पडत नाही.

अभ्यासाच्या कौशल्यांचा प्रवास मात्र भलत्याच वाटेने झाला. विसरण्याचा वेग मानसशास्त्रज्ञ हेर्मान एबिंगहाउसने स्वतःवरच प्रयोग करून मोजला आणि १८८५ मध्ये मांडला. १९४६ मध्ये अमेरिकेत ओहायोतल्या फ्रान्सिस रॉबिन्सनने चाळा, प्रश्न काढा, वाचा, आठवून सांगा, उजळणी करा अशी पाच पायऱ्यांची वाचनपद्धत दिली. तिथल्याच कॉर्नेल विद्यापीठात वॉल्टर पॉकने वहीच्या पानाला डावीकडे समास आखून तिथे खुणेचे शब्द लिहायला शिकवलं. हे सगळं मानसशास्त्र आणि मार्गदर्शन केंद्रांच्या अंगणात घडलं. जीवविज्ञान विभाग बाजूलाच राहिला, आणि विद्यार्थ्याला अभ्यासाचं तंत्र व क्रेब्ज चक्र (पेशीत अन्नातून ऊर्जा मिळवणाऱ्या रासायनिक क्रियांची साखळी) या दोन वेगळ्या दुनिया वाटत राहिल्या. माझ्या मते सर्वांत मोठं नुकसान या फाटाफुटीने केलं.

ही फाटाफूट सांधायला सुरुवात अलीकडे झाली. २००६ मध्ये रोडिगर आणि कार्पिके या मानसशास्त्रज्ञांनी दाखवलं की उतारा पुन्हा वाचणाऱ्यांना पाच मिनिटांनी जास्त आठवतं, पण आठवड्यानंतर, न बघता आठवून लिहिणारे पुढे असतात. २००८ पासून अमेरिकेतल्या एका उपक्रमात पहिल्या वर्षाचे विद्यार्थी मातीतून जिवाणूभक्षी विषाणू वेगळे करतात. उत्तर आधी कुणालाच माहीत नसल्याने नोंदवही नीट ठेवावीच लागते. २०१४ मध्ये विज्ञान-गणिताच्या वर्गांवरच्या २२५ अभ्यासांचा एकत्र आढावा आला : नुसत्या व्याख्यानांच्या वर्गांत नापासांचं प्रमाण सुमारे ३४ टक्के, विद्यार्थ्यांना कामाला लावणाऱ्या वर्गांत सुमारे २२ टक्के.

आज बऱ्याच ठिकाणी पहिला तास तराजू आणि पिपेटने सुरू होतो. १०० मायक्रोलीटर पाणी दहा वेळा घेऊन वजन करायचं. प्रत्येक वेळी ०.१ ग्रॅमच्या आसपास यायला हवं. कुणाचे आकडे ०.०९४, ०.११२, ०.०९८ असे उड्या मारतात. ते पेनानेच लिहायचे, चुकलं तर एकच रेघ मारून जुना आकडा वाचता येईल असा ठेवायचा, आणि शेजारी एका ओळीत कारण लिहायचं : टोक फार खोल बुडालं होतं, किंवा अंगठा झटकन सोडला. मग वही मिटून, काय चुकलं आणि का, ते शेजाऱ्याला न बघता सांगायचं, आणि पिपेट पुन्हा हातात घ्यायची.