क्लच कुणी दाबायचा?

1984 साली कायनेटिक होंडा स्कूटर बाजारात आली. लुना त्याआधीची, पण तिच्यात बदलायला गिअरच नव्हते. कायनेटिक होंडात गिअरचं प्रमाण वेगानुसार आपोआप बदलायचं आणि डाव्या हाताला क्लचऐवजी ब्रेक असायचा. पुढे ॲक्टिव्हाने हीच रचना घरोघरी पोचवली. म्हणजे ऑटोमॅटिक वाहन आपण चाळीस वर्षं चालवतोय आणि त्याचा कुणी फारसा बाऊ केलेला नाही. चारचाकी घ्यायची वेळ आली की मात्र घरात दोन तट पडतात. एकाचं म्हणणं, 'हातात गिअर नाही तर ती कसली गाडी!' दुसऱ्याचं म्हणणं, 'रोज हिंजवडीला ये-जा कर, मग बोल.'

दोन्ही तट बोलतात गिअरबद्दल. माझ्या मते वादाचं मूळ क्लचमध्ये आहे.

मुळात गिअर लागतात कशाला ते आधी बघू. लहान पेट्रोल गाडीच्या चाकाचा घेर साधारण 1.9 मीटर. गाडी ताशी 60 किलोमीटरने धावत असेल तर चाक मिनिटाला सुमारे 530 फेरे घेतं. ताशी 6 किलोमीटरने, म्हणजे माणसाच्या चालीने, रांगत असेल तर जेमतेम 53. इंजिनाला इतकी मोकळीक नसते. मिनिटाला 700-800 फेऱ्यांच्या खाली ते बंद पडतं, 6,500च्या आसपास त्याची हद्द संपते आणि 1.2 लिटरच्या इंजिनाचा फिरवण्याचा जोर, म्हणजे टॉर्क, चार हजारांच्या आगेमागे सर्वांत जास्त असतो. पहिल्या गिअरमध्ये इंजिनाचे साधारण 14 फेरे झाले की चाकाचा एक होतो, पाचव्यात तीनच लागतात. त्यामुळे ताशी 60ला पाचव्या गिअरमध्ये इंजिन 1,600 फेऱ्यांवर निवांत असतं. त्याच वेगाला पहिला टाकला तर त्याला 7,400 फेरे घ्यावे लागतील, जे त्याच्या कुवतीबाहेरचं आहे. उलट रांगताना पाचवा ठेवला तर 160 फेरे, म्हणजे गाडी गचके खाऊन बंद. पहिल्यात 740, कशीबशी तग धरते.

आणि त्याच्याही खाली? रांगण्याच्या वेगापासून शून्यापर्यंतच्या पट्ट्यात एकही गिअर कामाचा नाही. इंजिन फिरतंय, चाक थांबलंय आणि या दोघांना दणका न बसता जोडायचंय. गिअरबॉक्सकडे त्यावर उपाय नसतो. (विजेच्या मोटरला अगदी शून्यापासून भरपूर टॉर्क मिळतो, म्हणून नेक्सॉन ईव्हीसारख्या गाडीत क्लचही नाही आणि बदलायचे गिअरही नाहीत. एकच कायमचं प्रमाण पुरतं.)

ही जोडणी क्लच करतो. इंजिनाबरोबर फिरणाऱ्या जड चाकावर, म्हणजे फ्लायव्हीलवर, क्लच प्लेट दाबून धरलेली असते. पेडल दाबलं की पकड सुटते, सोडलं की बसते आणि मधे कुठेतरी, ज्याला आपण हाफ क्लच म्हणतो तिथे, प्लेट घसरत घसरत चाकांना गती देते. ही घसर टाळून गाडी जागची हलूच शकत नाही. पण घसरलं की घासणार आणि घासलं की तापणार. सपाट रस्त्यावर गाडी नीट उचलली तर हिशोब सोपा आहे: क्लच पूर्ण बसेपर्यंत गाडीला जेवढी गतिज ऊर्जा मिळते, साधारण तेवढीच ऊर्जा क्लचमध्ये उष्णता होऊन जाते. 1,200 किलोची गाडी ताशी 10 किलोमीटरला पोचताना ही उष्णता साडेचार हजार ज्यूलच्या आसपास असते. किरकोळच. मधे वेळ मिळाला की प्लेट थंड होते.

उड्डाणपुलाच्या चढावर मात्र काहीजण ब्रेक न लावता हाफ क्लचवर गाडी तोलून धरतात आणि त्याला कौशल्य म्हणतात. दहा मीटरला एक मीटर असा चढ असेल आणि इंजिन 1,200 फेऱ्यांवर असेल, तर क्लचमध्ये सेकंदाला तीन हजार ज्यूलहून जास्त उष्णता तयार होत राहते. न्हाणीघरातला इन्स्टंट गीझर एवढ्याच ताकदीचा असतो, फक्त इथे ती उष्णता वाहून न्यायला पाणी नाही. तो ओळखीचा जळका वास येतो तो यातूनच.

तेव्हा गाडी निवडताना माझा पहिला प्रश्न असा: ही घसर सांभाळणार कोण आणि तिची उष्णता जाणार कुठे? मॅन्युअलमध्ये सांभाळणारा आपला डावा पाय. 'ऑटोमॅटिक' या एकाच नावाखाली मात्र शोरूममध्ये चार वेगवेगळी यंत्रं विकली जातात आणि चौघांची उत्तरं निरनिराळी आहेत.

आपल्याकडे सर्वांत स्वस्त आणि म्हणून सर्वांत जास्त भेटणारं यंत्र म्हणजे एएमटी. 2014 साली मारुतीच्या सेलेरिओमधून ते लहान गाड्यांत आलं. त्यात नवा गिअरबॉक्स नसतोच. तोच मॅन्युअल गिअरबॉक्स, तीच क्लच प्लेट, फक्त पेडल दाबायला आणि गिअर टाकायला पाय-हातांऐवजी संगणकाच्या हुकमावर चालणारी यंत्रणा. म्हणून मॅन्युअलपेक्षा साधारण 50 हजारांच्या आसपास जास्त मोजून ती मिळते. गिअर बदलताना क्लच सुटतो, क्षणभर चाकांकडे जोर जात नाही आणि गाडी मान टाकल्यासारखी करते. मॅन्युअलमध्येही हेच होतं, पण तिथे गिअर कधी पडणार ते आपल्याला माहीत असतं, पाय आपोआप रेसवरून उचलला जातो आणि शरीर तयार असतं. एएमटीतही गिअर पडायच्या बेताला रेसवरचा पाय किंचित हलका केला तर धक्का बराच कमी होतो. शोरूममधले लोक हे का सांगत नाहीत, देव जाणे.

मुख्य मुद्दा असा की एएमटीमध्ये घसरणारी प्लेट कोरडीच आहे, म्हणजे तिची उष्णता वाहून न्यायला तेल नाही. चढावर नुसत्या रेसवर गाडी धरून ठेवली तर संगणकही तोच हाफ क्लच करतो आणि तीच प्लेट जळते. 'ऑटोमॅटिक आहे, क्लचचा काय संबंध' असं समजून लोक हे बिनधास्त करतात.

दुसरं यंत्र टॉर्क कन्व्हर्टर. त्याची गोष्ट थेट जहाजापासून सुरू होते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जहाजांत वाफेची टर्बाइन बसू लागली. टर्बाइनला भरधाव फिरायला आवडतं, जहाजाच्या पंख्याला सावकाश. श्टेटिन इथल्या व्हल्कन गोदीत काम करणारा जर्मन अभियंता हेर्मान फ्योटिंगर याने दोघांच्या मधे तेल घातलं आणि 1905 साली त्याचं पेटंट घेतलं. एक पंखा तेल भिरकावतो, समोरचा दुसरा पंखा त्या तेलाच्या माऱ्याने फिरतो आणि मधला तिसरा, स्थिर पंखा परतणाऱ्या तेलाची दिशा वळवून पहिल्याला मदत करतो. या तिसऱ्यामुळे गाडी उठताना टॉर्क सुमारे दुप्पट होऊ शकतो. क्लच टॉर्क पोचवतो, वाढवत नाही. हे यंत्र घसरता घसरता वाढवतं, हे मला आजही थोडं जादूसारखं वाटतं.

मोटारीत ते लगेच आलं नाही. अमेरिकेत 1940च्या ओल्ड्समोबिलमध्ये जनरल मोटर्सने दिलेल्या हायड्रामॅटिकमध्ये दोनच पंख्यांची साधी तेलजोडणी होती, टॉर्क वाढवणारा तिसरा पंखा नव्हता. तरी लाखोंनी खपलेला पहिला पूर्ण ऑटोमॅटिक गिअरबॉक्स तोच. टॉर्क कन्व्हर्टरवाली ब्यूक 1948ची. तेलात घासायला प्लेटच नसल्यामुळे वाहतुकीत दिवसभर रांगलं तरी याला फारसं काही होत नाही, उष्णता तेलाबरोबर कूलरकडे जाते. बदल्यात सततच्या घसरीमुळे जुन्या ऑटोमॅटिक गाड्या पेट्रोल पीत. 'ऑटोमॅटिकला ॲव्हरेज नाही' ही समजूत त्या काळची. आताच्या गाड्यांत वेग आला की एक वेगळा क्लच दोन्ही पंख्यांना घट्ट बांधतो आणि घसर थांबते.

सीव्हीटी म्हणजे ॲक्टिव्हाच्याच तत्त्वाची मोठी आवृत्ती: दोन पुल्या, त्यांच्यावर पट्टा आणि पुल्यांचा व्यास मागेपुढे करून प्रमाण सलग बदलणं. हॉलंडच्या डाफ कंपनीने 1958 साली ते मोटारीत आणलं, तेव्हा पट्टा रबराचा होता, आता पोलादाचा असतो. टप्पेच नसल्याने धक्का नाही. जोरात रेस दिली की आधी इंजिन ओरडतं आणि मग गाडी त्याला गाठते, हे काहींना असह्य होतं. शांतपणे चालवणाऱ्याला कळतही नाही.

डीसीटीमध्ये दोन क्लच असतात. एकाकडे विषम गिअर, दुसऱ्याकडे सम. दुसरा गिअर चालू असताना तिसरा आधीच तयार ठेवलेला असतो, त्यामुळे बदल डोळ्याचं पातं लवायच्या आत होतो. 2003च्या फोक्सवॅगन गोल्फ आर 32मधून तो सर्वसामान्य विक्रीच्या गाडीत आला. महामार्गावर याच्यासारखी मजा नाही. पण त्याचे क्लच कोरडे असतील तर उन्हाळ्यात, पावलापावलाने सरकणाऱ्या वाहतुकीत ते तापतात. डीसीटी घेणार असाल तर क्लच कोरडा की तेलातला, एवढं विचाराच. विक्रेत्याला उत्तर येत नसेल तर दुसऱ्याला विचारा.

2020 साली ह्युंदाई व्हेन्यूने तर क्लचचं पेडल काढून गिअरचा दांडा ठेवला. लोकांना कंटाळा नेमका कशाचा आहे, हे तिथे कुणीतरी बरोबर ओळखलं होतं.

आता ॲव्हरेज. 2024च्या स्विफ्टचा अधिकृत आकडा मॅन्युअलला लिटरमागे 24.80 किलोमीटर, एएमटीला 25.75. एकच इंजिन, एकच गिअरबॉक्स, तरी ऑटोमॅटिक पुढे, कारण संगणक लवकर वरचा गिअर टाकतो आणि त्याला कुणाशी शर्यत लावायची नसते. अर्थात हे आकडे प्रयोगशाळेत रोलरवर, ठरलेल्या वेळापत्रकाप्रमाणे गाडी चालवून काढलेले असतात. रस्त्यावरचा फरक चालवणाऱ्याच्या पायावर जास्त अवलंबून आहे, म्हणून या मुद्द्यावर मी फार वेळ घालवणार नाही.

घाटाचा मुद्दा मात्र गंभीर आहे, आणि चढापेक्षा उताराचा. खंडाळ्याहून खोपोलीकडे उतरताना गाडी सुमारे 500 मीटर खाली येते. माणसं-सामानासह 1,300 किलो धरले तर 64 लाख ज्यूल, म्हणजे पावणेदोन युनिट वीज होईल एवढी ऊर्जा कुठेतरी जायला हवी. नुसते ब्रेक वापरले तर तिचा मोठा हिस्सा ब्रेकमध्ये जातो, ते तापतात आणि पकड ढिली पडते. खालचा गिअर ठेवला तर इंजिनच गाडीला धरून ठेवतं. मॅन्युअलवाल्यांना हे सवयीने येतं. ऑटोमॅटिकवाले 'डी'वर टाकून निर्धास्त बसतात आणि काही गाड्या पाय उचलल्यावर वरचा गिअर घेऊन मोकळ्या होतात. त्यासाठीच दांड्याजवळ 'एल', 'एस' किंवा 'एम' असं काहीतरी लिहिलेलं असतं. उतार सुरू होण्याआधी तिकडे न्यावं. ज्याने ते कधी वापरलंच नाही, त्याने आंबोलीत पावसात पहिला प्रयोग करू नये.

मग घ्यावी कोणती? रोज दोन तास शहरात रांगणाऱ्याने परवडत असेल तर टॉर्क कन्व्हर्टर किंवा सीव्हीटी घ्यावी. साधारण लाखभर जास्त जातात, पण गुडघा आपला असतो. पैशाची ओढाताण असेल तर एएमटीत कमीपणा नाही, चढावर ब्रेक धरायची शिस्त मात्र हवी. तालुक्याच्या गावी राहणाऱ्याला, जिथे सिग्नल एखादाच आणि गॅरेजवाला ओळखीचा, मॅन्युअल अजूनही शहाणपणाची वाटते. गाडी शिकणाऱ्या मुलांना मी मॅन्युअलवरच शिकवीन. उद्या कुणी ब्रिटनला गेलं आणि तिथे ऑटोमॅटिकवर परीक्षा दिली तर मॅन्युअल चालवायचा परवाना मिळत नाही, हेही एक व्यावहारिक कारण आहेच.

टेस्ट ड्राइव्हला विक्रेता मोकळ्या, सपाट रस्त्यावर नेईल. तिथे चारही यंत्रं गोडच वाटतात. त्याला एखाद्या इमारतीच्या तळघरातल्या पार्किंगकडे न्यायला सांगा. रॅम्पच्या मधोमध थांबा, ब्रेक सोडा आणि गाडी मागे सरकते का बघा. मग गाडीचं तोंड उताराकडे करून, रिव्हर्स टाकून, भिंतीला हातभर अंतर ठेवत, चढाच्या दिशेने सावकाश मागे घ्या. टॉर्क कन्व्हर्टर हे सहज करतो, एएमटीची तिथे सर्वांत जास्त परीक्षा होते.