जीन ड्राइव्ह

जीन ड्राइव्ह म्हणजे एखादा जीन पुढच्या पिढीत बळजबरीनं घुसवायची युक्ती. एरवी आईकडचा किंवा बापाकडचा एखादा जीन पिल्लाला मिळेल की नाही हे छापा-काटा असतं, पण क्रिस्पर नावाची कात्री त्या जीनलाच जोडून दिली की ती समोरच्या गुणसूत्रातली तीच जागा कापते, पेशी तो काप सांधताना ड्राइव्हचीच नक्कल उतरवून घेते आणि 50 ऐवजी जवळपास 100 टक्के पिल्लांत तो जीन जातो. ऑस्टिन बर्ट या जीवशास्त्रज्ञानं मूळ कल्पना 2003 मध्ये मांडली, क्रिस्परची कात्री नंतर आली. 2018 मध्ये लंडनच्या इंपिरियल कॉलेजात पिंजऱ्यातले मलेरियाचे डास असा ड्राइव्ह घातल्यावर 7 ते 11 पिढ्यांत संपले, कारण माद्या वांझ निघत गेल्या. मोकळ्या रानात मात्र अजून कुठंच सोडलेलं नाही.

विदर्भातल्या माणसाला हे वाचून आधी गुलाबी बोंडअळीच आठवणार. ती बोंडाच्या आत बसते, बाहेरून फवारणी करून तिला काही होत नाही, डोमकळी, म्हणजे न उमललेलं मिटलेलं फूल, दिसली की समजायचं आत बाई बसल्या आहेत. अळीला मारणारा जीन घातलेला बीटी कापूस 2002 ला आला, पुढं अळीनं त्यालाही दाद देणं सोडलं आणि 2017 ला यवतमाळकडे फवारणीच्या विषबाधेनं शेतकरी दगावले ते सगळ्यांना माहीत आहे. म्हणून इकडचा एखादा पोरगा जेनेटिक्स शिकून यावरच काम करायचं म्हणत असेल तर नवल नाही. काम तसं कंटाळवाणंच, जीनसोबत चमकणारी खूण जोडतात आणि मग दिवसभर मायक्रोस्कोपखाली किती पिल्लांचे डोळे लाल चमकतात ते मोजत बसायचं, निम्म्याहून बरेच जास्त निघाले तर ड्राइव्ह चालतोय. पण बोंडअळी म्हणजे पतंगाची अळी, आणि पतंगांत हे डासांइतकं सहज जमलेलं नाही. शिवाय काप चुकीचा सांधला गेला की ती जागा कात्रीला पुन्हा ओळखू येत नाही, म्हणजे बीटीसारखीच पळवाट.

खरी पंचाईत हद्दीची. मक्यावरची अमेरिकन लष्करी अळी भारतात 2018 ला सापडली, इथं ती उपरी, पण अमेरिकेत तिचं घर आहे आणि तिचा पतंग एका रात्रीत 100 किलोमीटरपर्यंत जाऊ शकतो, त्यामुळे इथं सोडलेला ड्राइव्ह इथंच राहील असं कोण लिहून देणार? उलट आपली बोंडअळी अमेरिकेत उपरी होती, तिला त्यांनी बीटी कापूस आणि वांझ केलेले पतंग सोडून घालवलं, 2018 मध्ये तसं जाहीरही केलं, ड्राइव्हची गरज पडली नाही. आमच्याकडे मात्र ओलिताची सोय असली की फरदड ठेवतात, म्हणजे वेचणीनंतरही कापसाचं झाड पुढच्या बोंडांसाठी राखतात, आणि पऱ्हाटी मार्चपर्यंत वावरात उभीच, अळीला खायला मिळतच राहतं.