दचकणे आणि धास्तावणे : ‘तुंबाड’विषयीच्या मतांमधील सरमिसळ

‘तुंबाड’ हा हिंदी भयपट 12 ऑक्टोबर 2018 रोजी प्रदर्शित झाला, तेव्हा त्याचा गल्ला बेताचाच होता. 13 सप्टेंबर 2024 रोजी तो पुन्हा चित्रपटगृहांत आला आणि पहिल्या खेपेपेक्षा अधिक कमाई करून गेला. या दोन्ही वेळी, आणि मधल्या काळात तो मोबाइलवर पाहिला जात होता तेव्हाही, जळगाव, धुळे, नंदुरबारकडच्या गप्पांत त्याच्याविषयी दोन मते हटकून ऐकू येत राहिली. पहिले मत असे की चित्रपट देखणा आहे, पण भयपट म्हणावा तर एकदाही भीती वाटली नाही. दुसरे मत असे की पाहताना फारसे काही जाणवले नाही, पण रात्री अंथरुणावर पडल्यावर तो वाडा आणि तो पाऊस डोळ्यांपुढून हलेना. ही मते एकमेकांना खोडून काढतात असे समजून लोक हिरिरीने वाद घालतात. वस्तुतः पहिला प्रेक्षक आपण दचकलो नाही असे सांगत असतो आणि दुसरा आपण धास्तावलो असे सांगत असतो. या दोन गोष्टी दिसायला शेजारच्या असल्या तरी त्यांची घडण निराळी आहे, आणि ती नीट समजून घेतल्याशिवाय वातावरणावर उभ्या असलेल्या कोणत्याही भयपटाविषयी न्यायाने बोलता येणार नाही.

दचकणे ही शरीराची प्रतिक्षिप्त क्रिया आहे. अचानक मोठा आवाज झाला की पापण्या मिटतात, मान आत ओढली जाते, खांदे वर उचलले जातात. आणि हे सारे सेकंदाच्या अगदी लहान अंशात, मेंदूच्या खालच्या भागातून, विचार सुरू होण्याच्या आधी घडते. म्हणूनच तिथे कथा चांगली असावी लागत नाही, पात्राविषयी आपुलकी असावी लागत नाही. शांत दृश्यात एकाएकी कर्कश आवाज सोडला की दिवाळीतल्या सुतळी बॉम्बला जसे कोणीही दचकते, तसे चित्रपटगृहही दचकते. मात्र ही क्रिया लवकर बोथट होते. तोच धक्का तिसऱ्या-चौथ्यांदा आला की शरीर त्याला सरावते, आणि तोच चित्रपट दुसऱ्यांदा पाहताना तर धक्क्याची जागा ठाऊक असल्याने त्यातली बरीचशी ताकद निघून जाते.

धास्तीचे नेमके उलटे आहे. ती एका क्षणात येत नाही. ती साठत जाते आणि तिला कारणे लागतात. ‘तुंबाड’च्या 1918 मधल्या पहिल्या भागात लहान विनायकच्या घरी एक म्हातारी आहे. ती काय आहे हे कळण्याच्या आधी तिच्याशी घरातली माणसे कशी वागतात हे आपल्याला दाखवले जाते: तिला वेळेवर खाऊ घालायचे, तिचे दार लावून घ्यायचे, आणि ती जागी झालीच तर हस्तर या शापित देवाचे नाव घेऊन तिला झोपवायचे. आईच्या चेहऱ्यावरचा थकवा सांगतो की हे कैक वर्षे चालले आहे. मग एका रात्री आई घरी नसते आणि ते काम मुलावर येते. त्या रात्री पडद्यावर जे दिसते त्यापेक्षा, हे काम नीट झाले नाही तर काय होईल याचा जो अंदाज आपण मनात बांधलेला असतो, तोच अधिक जड असतो. राही अनिल बर्वे यांच्या दिग्दर्शनाचे मोठेपण मला इथे वाटते. भीती दाखवण्याआधी तिची दिनचर्या दाखवण्याचा संयम आपल्याकडे फार थोड्यांनी पाळला आहे. या चित्रपटाला फिल्मफेअरचे पुरस्कार छायाचित्रण, कलादिग्दर्शन आणि ध्वनिसंयोजन यांसाठी मिळाले, आणि धास्ती ज्या तीन गोष्टींतून उभी राहते त्या बहुतांशी याच होत.

पावसाविषयी थोडे अधिक लिहिले पाहिजे, कारण खानदेशातल्या प्रेक्षकाला तो निराळा भिडतो. चित्रपटातला अखंड पाऊस हा देवांचा शाप आहे. हस्तरची पूजा केल्याबद्दल तुंबाड गावावर तो कोसळतो. मे महिन्यात पंचेचाळीस अंशांच्या आसपासचे ऊन सोसणाऱ्या, मृगाच्या सरींसाठी आभाळाकडे डोळे लावणाऱ्या आणि पाण्याअभावी केळीची बाग करपू नये म्हणून जिवाचे रान करणाऱ्या माणसाच्या मनात पाऊस म्हणजे सुटका असते. तोच पाऊस पडद्यावर शिक्षा होऊन येतो, एकदाही थांबत नाही, आणि ओल्या भिंती, शेवाळ, चिखल, काळवंडलेले आभाळ यांवाचून दुसरा रंग दिसू देत नाही. हे पाहताना आत काहीतरी उलटेपालटे होते. पावसाने कोणी दचकत नाही, परंतु जिथे आपल्याला दिलासा मिळायला हवा तिथेच तो नाकारला गेल्याने मन अस्वस्थ राहते, आणि ही अस्वस्थता चित्रपट संपल्यावरही लगेच उतरत नाही.

रहस्यपटांचे दिग्दर्शक आल्फ्रेड हिचकॉक यांनी फ्रेंच दिग्दर्शक फ्रान्स्वा त्रुफो यांच्याशी झालेल्या संवादात दिलेला दाखला इथे उपयोगी पडतो. टेबलाखाली बॉम्ब आहे हे प्रेक्षकाला सांगितले नाही आणि तो फुटला, तर पंधरा सेकंदांचा धक्का मिळतो. आधी सांगितले, तर टेबलाभोवतीच्या साध्या गप्पाही पंधरा मिनिटे श्वास रोखून ऐकल्या जातात. तरीही हा दाखला धास्तीला पूर्णपणे लागू होत नाही असे मला वाटते. बॉम्ब काय असतो हे आपल्याला ठाऊक असते. अलौकिक भयपटात टेबलाखाली काय आहे हेच ठाऊक नसते, फक्त टेबलाशी बसलेली माणसे पाय आखडून बसली आहेत एवढे दिसते.

दोन्ही गोष्टी एकमेकींच्या वैरी आहेत असे मात्र कोणी समजू नये. अंधारात किंवा धोक्याच्या अपेक्षेत माणूस अधिक जोराने दचकतो, हे मानसशास्त्रातल्या प्रयोगांत दिसून आले आहे. म्हणजे धास्ती आधी साठवली असेल तर छोटा आवाजही पुरतो. 1942 च्या ‘कॅट पीपल’ या अमेरिकी चित्रपटात एक स्त्री रात्री सामसूम रस्त्याने चालली आहे, मागून दुसऱ्या स्त्रीच्या टाचांचा आवाज येतो आहे, मग तो आवाज थांबतो, आणि नेमक्या त्या क्षणी फुस्स असा आवाज करत एक बस चौकटीत शिरते. बस ही काही भुताटकी नव्हे, तरीही तिथे प्रेक्षक हादरतो, कारण त्याआधीची सगळी चाल धास्तीने भरलेली असते. पुढच्या अनेक चित्रपटांनी त्यातली बस तेवढी उचलली आणि चाल सोडून दिली.

प्रेक्षक कोणते माप लावतो हे तो कशावर वाढला यावरही ठरते. यात्रेच्या तंबूत किंवा तालुक्याच्या चित्रपटगृहात रामसे बंधूंचे ‘पुराना मंदिर’ (1984) आणि ‘वीराना’ (1988) यांसारखे भयपट पाहिलेल्या पिढीला भयपट हा सगळ्यांनी मिळून ओरडण्याचा, शेजाऱ्याचा हात धरण्याचा आणि लगेच हसण्याचा प्रकार म्हणून माहीत आहे. तो आनंद खरा आहे आणि त्याला कमी लेखणे मला मान्य नाही. गर्दीत दचकणे संसर्गासारखे पसरते आणि दचकून झाल्यावर मोकळे वाटते. याउलट मराठी भयकथाकार नारायण धारप वाचून मोठा झालेला वाचक असतो. छापील पानाला आवाज नसल्याने पुस्तक कोणाला दचकवू शकत नाही, त्यामुळे अशा वाचकाचे सारे भय धास्तीच्याच वाटेने आलेले असते. ‘तुंबाड’मधील म्हातारीच्या प्रसंगाचे बीज धारपांच्या ‘आजी’ या कथेत आहे, हे लक्षात घेतले म्हणजे असा वाचक या चित्रपटावर पटकन का जीव लावतो ते कळते.

आपल्याकडच्या सांगण्याच्या परंपरेतही हे दोन्ही हात होते. हिवाळ्यात खळ्यावर राखणीला बसलेला एखादा मामा मुंजाची गोष्ट हळू आवाजात सांगत नेई आणि शेवटी एकदम ओरडे; पोरे किंचाळत आणि मग लोळून हसत. घरातली म्हातारी मात्र ओरडत नसे. ती वाती वळता वळता गावाबाहेरच्या विहिरीवर अमुक वेळेनंतर कोणी का जात नाही एवढेच सांगे, मध्येच थांबे, आणि पोरांनी ‘मंग काय व्हयनं?’ विचारले तरी पुढचे सांगत नसे. मामाची गोष्ट त्या रात्रीपुरती असे. म्हातारीच्या गोष्टीनंतर मुले त्या विहिरीच्या वाटेने दिवसाढवळ्याही जपून जात.

मत देताना आणखी एक गोष्ट सहसा विसरली जाते, ती म्हणजे चित्रपट कुठे पाहिला. मोठा आवाज मोबाइलच्या इअरफोनमधूनही दचकवतो, त्याला अंधाराची गरज नसते. पण दिवा चालू ठेवून, मध्ये दोनदा फोन घेऊन, पाच इंची पडद्यावर ज्याने ‘तुंबाड’ पाहिला, त्याच्यापर्यंत वाड्याच्या कोपऱ्यातला काळोख पोहोचलेलाच नसतो, कारण त्या पडद्यावर कोपरा नुसता काळा डाग दिसतो. जाहिरातीने काय कबूल केले होते यालाही महत्त्व आहे. अमेरिकेत सिनेमास्कोर ही संस्था प्रदर्शनाच्या सुरुवातीलाच चित्रपटगृहातल्या प्रेक्षकांकडून श्रेणी घेते. तिथे ‘द विच’ या धास्तीवर उभ्या असलेल्या भयपटाला ‘सी मायनस’ आणि समीक्षकांनी उचलून धरलेल्या ‘हेरेडिटरी’ला (2018) ‘डी प्लस’ अशा खालच्या श्रेणी मिळाल्या. धक्क्यांच्या अपेक्षेने आलेल्या माणसाला दोन तास धास्ती दिली तर तो नाराज होणार, आणि त्याची नाराजी खोटी नाही.

तथापि ‘वातावरण’ ही पळवाट होऊ नये. कॅमेरा रेंगाळला, पात्रे गप्प बसली आणि धूर सोडला की धास्ती तयार होत नाही. प्रत्येक थांब्यातून काहीतरी नवे कळले पाहिजे किंवा काहीतरी कळायचे राहिले पाहिजे. ज्या दृश्यातून यांपैकी काहीच हाती लागत नाही ते दृश्य संथ नसते, नुसते लांबलेले असते, आणि अशा वेळी ‘कंटाळा आला’ म्हणणारा प्रेक्षक बरोबर असतो. ‘तुंबाड’मध्ये असे फारसे घडत नाही. पण 1947 च्या शेवटच्या भागात, जेव्हा हस्तरला भुलवण्यासाठीच्या एका पिठाच्या बाहुलीऐवजी अनेक बाहुल्या तो असलेल्या गर्भगृहात नेल्या जातात आणि धोकाही तितकाच वाढतो, तेव्हा चित्रपट साठवलेली धास्ती खर्च करून झुंजीकडे वळतो. एकट्या हस्तरची वाट पाहताना जे वाटत होते ते अनेक हस्तर समोर आल्यावर वाटत नाही. तिथे आपण जीव कसा वाचवावा याची युक्ती पाहू लागतो. ‘भीती वाटली नाही’ ही तक्रार या भागापुरती कोणी केली, तर मी तिच्याशी वाद घालणार नाही.