थकलेल्या बाळंतिणीला स्तनपानासाठी सुईणीचा आधार

बाळंतपणानंतरच्या सहा आठवड्यांत, त्यातही पहिल्या दहा-बारा दिवसांत, दमलेल्या आईला बाळ अंगावर पाजता यावे म्हणून सुईण जी प्रत्यक्ष मदत करते ती या नोंदीचा विषय आहे. महाराष्ट्रात हे काम आज एकाच बाईकडे नसते. दवाखान्यात परिचारिका, उपकेंद्रावर एएनएम (सहायक परिचारिका-प्रसाविका), घरी आशाताई आणि तेल लावायला येणारी बाई, अशा अनेकींमध्ये ते वाटले गेले आहे. केंद्र शासनाने 2018 मध्ये प्रसाविका (म्हणजे प्रशिक्षित सुईण) सेवेची मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली आणि परिचारिकांसाठी 18 महिन्यांचे खास प्रशिक्षण ठरवले. बाळंतपण आणि त्यानंतरची काळजी एकाच प्रशिक्षित हाती असावी, हा त्यामागचा विचार आहे.

बाळंतिणीच्या थकव्याला कारणे पुष्कळ असतात : लांबलेल्या कळा, रक्तस्राव, टाके किंवा सिझेरियनची जखम, दर दोन-तीन तासांनी मोडणारी झोप. त्यात भेटायला येणाऱ्यांची रीघ, पाचवीची पूजा आणि बाराव्या दिवसाच्या बारशाची तयारी. मेंदूतून स्रवणाऱ्या ऑक्सिटोसिन या संप्रेरकामुळे पान्हा फुटतो. वेदना आणि काळजी यांनी तो अडखळतो. म्हणजे स्तनात दूध असूनही ते उतरत नाही. शिवाय पहिले दोन-तीन दिवस चीकच येतो आणि तो थोडाच असतो. बाळाला तेवढा पुरतो, पण घरच्यांना तो पुरेसा वाटत नाही. बाळ रडले की ‘दूध पुरत नाही’ असा निष्कर्ष निघतो, वरचे दूध सुरू होते, बाळ छातीला कमी लागते आणि मग दूध खरोखरच कमी होते. अनेक आयांचे पाजणे या फेऱ्यात सुटते. दोष मात्र आईच्या अंगाला लावला जातो आणि हा तिच्यावर मोठाच अन्याय आहे.

सुईणीची सर्वांत मोलाची मदत म्हणजे एक अख्खे पाजणे संपेपर्यंत आईजवळ बसणे. सूचना देऊन निघून जाण्याने फारसे साधत नाही. जाणती सुईण आधी आईकडे बघते. पाठीला उशी, पायाखाली पाट, हाताशी पाण्याचा तांब्या, खांदे सैल. मग बाळाचे पोट आईच्या पोटाला टेकवून त्याचे नाक स्तनाग्रासमोर आणते आणि बाळ जांभई दिल्यासारखा मोठा ‘आ’ करेपर्यंत थांबते. बाळाचे डोके मागून दाबत नाही, कारण दाबले की ते उलट मागे रेटते. पकड नीट बसली की हनुवटी स्तनाला टेकते, खालचा ओठ बाहेर वळतो आणि स्तनाग्राभोवतीचा काळा भाग खालच्यापेक्षा वरच्या बाजूला जास्त दिसतो. थोड्या वेळाने घोट गिळल्याचा आवाज येऊ लागतो. दुखत राहिले तर सुईण बाळाच्या ओठाच्या कोपऱ्यातून स्वच्छ करंगळी घालून पकड सोडवते आणि पुन्हा लावते. बोंडांना चिरा पडण्याचे मुख्य कारण चुकीची पकड हेच असते. नुसते मलम लावून ते जात नाही.

बसवत नसेल, विशेषतः सिझेरियन झालेले असेल, तर कुशीवर निजून पाजायला शिकवावे. अशा वेळी आईला डुलकी लागते, म्हणून जवळ कोणीतरी जागे हवे आणि गादी फार मऊ नसावी. सोफ्यावर किंवा आरामखुर्चीत बाळ घेऊन झोप लागणे त्याहून धोक्याचे आहे. तान्ह्या बाळाला दिवसरात्र मिळून साधारण 8 ते 12 वेळा पाजावे लागते. दूध तयार करणारे प्रोलॅक्टिन रात्री जास्त असते, म्हणून सुरुवातीच्या दिवसांत रात्रीचे पाजणे टाळून विश्रांती देण्याचा बेत दुधावर उलटू शकतो. त्यापेक्षा दोन पाजण्यांमधला वेळ आईचा राखावा. ढेकर काढणे, दुपटे बदलणे, आंघोळ घालणे, पाहुण्यांना चहा देणे ही कामे इतरांची. हे घरात स्पष्ट सांगायला सून कचरते. सुईण सांगू शकते आणि तिने सांगावे. ‘ताईंना आता दोन तास निजू द्या, बाळ आजीकडे राहील’ एवढे वाक्य कित्येकदा औषधापेक्षा उपयोगी पडते.

आई अगदीच गळून गेली असेल तर सुईणीने तिला हाताने चीक काढायला शिकवावे आणि तो वाटी-चमच्याने पाजावा. आईचे दूध मिळूच शकत नाही अशा अशक्त बाळांसाठी दूधपेढ्या आहेत. आशियातील पहिली पेढी 1989 मध्ये मुंबईच्या सायन रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी सुरू केली.

खाण्याबाबत सुईणीने घरच्या परंपरेशी भांडू नये. अळिवाची खीर, डिंकाचे लाडू, बाजरीची भाकरी खुशाल द्यावी. पण पाणी तोडणे किंवा भाज्या बंद करणे मात्र थांबवावे. पाजणाऱ्या आईला पहिल्या सहा महिन्यांत रोज सुमारे 600 कॅलरी जास्त लागतात, असे राष्ट्रीय पोषण संस्थेचे मान आहे. लोहाच्या गोळ्या बाळंतपणानंतर 180 दिवस घ्यायच्या असतात आणि त्या बहुतेकदा मध्येच सुटतात. रक्त कमी असलेल्या आईला ‘मन खंबीर ठेव’ म्हणणे निरुपयोगी आहे.

दूध पुरते की नाही याचा निकाल रडण्यावरून लावू नये. पाचव्या-सहाव्या दिवसापासून चोवीस तासांत सहा किंवा जास्त वेळा लघवी आणि साधारण दोन आठवड्यांत जन्मवजनाची भरपाई, या खुणा भरवशाच्या आहेत.

घरी जाऊन मदत करण्याला महाराष्ट्रात मोठा आधार आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने 1990 च्या दशकात गावातल्याच स्त्रियांना नवजात बाळाची घरोघरी काळजी घ्यायला शिकवले आणि नवजात मृत्यू लक्षणीय प्रमाणात कमी झाले. पुढे हीच रीत देशभर आशांकडे आली. दवाखान्यात बाळंतपण झाले तर त्यांच्या भेटी 3, 7, 14, 21, 28 आणि 42 व्या दिवशी ठरलेल्या आहेत. यात तिसऱ्या आणि सातव्या दिवसामधली फट डोळ्यांत भरते. नेमक्या याच दिवसांत दूध दाटून छाती दगडासारखी होते, आईला विनाकारण रडू येते आणि डबा-बाटली घरात येते. चौथ्या-पाचव्या दिवशी निदान एक फोन तरी व्हायला हवा.

ताप येऊन स्तनावर लाल, गरम, दुखरा भाग दिसला, उदासी दोन आठवड्यांहून जास्त टिकली, झोप मिळूनही थकवा हटेना किंवा बाळ सुस्त होऊन पीत नसेल, तर सुईणीने वाट न बघता डॉक्टरांकडे न्यावे. डॉक्टरांनी वरचे दूध सांगितले तर ते आईला कमीपणा न देता सुरू करावे आणि अंगावर पाजणे जमेल तितके चालू ठेवावे. मात्र दूधपावडर किंवा बाटलीची जाहिरात आणि प्रचार करण्यास 1992 च्या कायद्याने मनाई आहे. 2003 मध्ये तो आणखी कडक झाला.