खान्देशी तिखट आणि उत्क्रांतीचं कोडं

खान्देशातलं जेवण एवढं तिखट का, असं बाहेरच्या पाहुण्याने विचारलं की उत्तर ठरलेलं असतं: इथलं ऊनच तसं आहे. उन्हाळ्यात अन्न लवकर नासतं, मसाल्याने ते टिकतं, तिखटाने घाम येऊन अंग गार होतं, म्हणून वाडवडिलांनी ही चव लावून घेतली. धुळ्यात शेवभाजीच्या ताटावर हे उत्तर ऐकू येतं आणि जळगावकडच्या भरीत पार्टीतही. भरताचा हंगाम खरं तर ऐन थंडीचा, आणि हिरव्या मिरचीचा हात सगळ्यात मोकळा सुटतो तो तेव्हाच. तेवढ्या एका गोष्टीनेही या उत्तरावर शंका यायला हवी.

पण हे उत्तर केवळ लोकांच्या बोलण्यातलं नाही. विज्ञानातही ते फार गाजलं होतं. १९९८ साली अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठातल्या जेनिफर बिलिंग आणि पॉल शर्मन यांनी ३६ देशांच्या पारंपरिक पाकपुस्तकांतून मांसाच्या साडेचार हजारांहून जास्त पाककृती तपासल्या. जितका देश उष्ण, तितके पदार्थात मसाले जास्त, असं त्यांना आढळलं. लसूण, कांदा, दालचिनी, लवंग यांच्यातली द्रव्यं प्रयोगशाळेत जंतूंची वाढ रोखतात, हे तर माहीत होतंच. दोन्ही धागे जोडून त्यांनी मांडलं की मसाल्यांची आवड म्हणजे अन्नातल्या जंतूंपासून वाचण्याचं, पिढ्यान्‌पिढ्या घडत गेलेलं संरक्षण आहे. ज्यांनी मसाले वापरले ते कमी आजारी पडले, त्यांची मुलं जास्त जगली, आणि त्यांची चव पुढे चालत राहिली.

माणसाच्या आजच्या वागण्याची मुळं पूर्वजांच्या जगण्यामरण्याच्या प्रश्नांत शोधणाऱ्या शाखेला उत्क्रांती मानसशास्त्र म्हणतात. सापाची भीती, गोडाची ओढ, नातेवाइकांसाठी खाल्लेल्या खस्ता, परक्याविषयीचा संशय, अशा कितीतरी गोष्टींकडे ही शाखा या नजरेने पाहते. मला ती फार मोलाची वाटते, कारण माणूसही निसर्गातच घडला हे ती विसरू देत नाही. मात्र तिच्यात एक मोह आहे. कुठल्याही सवयीमागे पटेल असं कारण सुचवणं सोपं असतं, आणि एकदा ते पटलं की तपासायची गरजच वाटेनाशी होते. गेल्या पंधरा-वीस वर्षांत या शाखेत खरा बदल झाला तो इथे. मिरचीची गोष्ट त्या बदलाचा चांगला नमुना आहे.

आधी इतिहास पाहू. मिरची मूळची अमेरिका खंडातली. तिथल्या लोकांनी ती हजारो वर्षांपूर्वी लागवडीखाली आणली. आपल्याकडे ती आली सोळाव्या शतकात, पोर्तुगीजांबरोबर. त्याआधी इथल्या जेवणात तिखटपणा होता तो मिरे, पिंपळी, आलं आणि मोहरी यांचा. म्हणजे नंदुरबार आणि दोंडाईचाच्या बाजारांना आज जिची ओळख आहे, ती मिरची या मातीत फार तर पाचशे वर्षांची, वीसेक पिढ्यांची. मोठेपणी दूध पचवण्याची क्षमता काही समाजांच्या जनुकांत रुजली, पण त्याला काही हजार वर्षं लागली. वीस पिढ्यांत एखाद्या अख्ख्या प्रदेशाच्या जनुकांत मिरचीची आवड उतरावी, हे संभवत नाही. आवड पसरली ती शिकण्यातून.

दुसरी गोष्ट अधिक विलक्षण आहे: मिरची तिखट आहे तीच मुळी आपल्यासारख्यांनी तिला खाऊ नये म्हणून. तिच्यातलं कॅप्सेसिन हे द्रव्य तयार होतं ते बियांना धरून ठेवणाऱ्या आतल्या पांढऱ्या गरात. सस्तन प्राणी दाढांनी बिया चावून टाकतात, मग त्या उगवत नाहीत. पक्ष्यांच्या पोटातून मात्र त्या धडधाकट बाहेर पडतात आणि दूरवर पसरतात. अमेरिकेतल्या ॲरिझोनात जोशुआ ट्यूक्सबरी आणि गॅरी नभान यांनी २००१ साली दाखवून दिलं की तिथली रानमिरची पक्षी आवडीने खातात आणि उंदीर-घुशींसारखे प्राणी टाळतात. पक्ष्यांना तिखट लागतच नाही. पुढे ट्यूक्सबरींच्याच गटाला बोलिव्हियात आणखी एक कारण सापडलं. किडे मिरचीला भोकं पाडतात, त्यातून बुरशी शिरते आणि बिया कुजतात. जिथे हा त्रास जास्त, तिथल्या मिरच्या जास्त तिखट. तेव्हा जंतूंशी लढण्याची गोष्ट खोटी नाही. फक्त ती लढाई मिरचीची आहे, तिच्या बियांसाठी.

कॅप्सेसिन आपल्याला का झोंबतं, हे १९९७ साली डेव्हिड ज्युलियस यांच्या सॅन फ्रान्सिस्कोतल्या प्रयोगशाळेने शोधून काढलं. आपल्या वेदनेच्या मज्जातंतूंवर टीआरपीव्ही-१ नावाचा एक ग्राहक (रिसेप्टर), म्हणजे संवेदना टिपणारा रेणू असतो. तापमान साधारण ४३ अंशांच्या पुढे गेलं की तो जागा होतो आणि मेंदूला भाजल्याची वर्दी देतो. कॅप्सेसिन त्याला नेमकं तसंच जागं करतं. जीभ भाजत नाही, पण मेंदूला कळतं ते भाजल्याचंच. या कामासाठी ज्युलियस यांना २०२१ चं नोबेल पारितोषिक विभागून मिळालं. कॅप्सेसिन पाण्यात विरघळत नाही, तेलातुपात विरघळतं. म्हणूनच शेवभाजीवरची लाल तर्री सगळ्यात जास्त झोंबते, आणि घोटभर पाण्यापेक्षा दूध-दही बरं वाटतं. ज्युलियस यांचा हा शोध मला आपल्या प्रश्नासाठी निर्णायक वाटतो. मिरची ही चव नाही, ती वेदना आहे. म्हणून ‘आपल्याला तिखट चव का आवडते’ असं न विचारता, ज्या वेदनेपासून इतर प्राणी पळतात ती माणूस आपणहून का ओढवून घेतो, असं विचारायला हवं.

आता पुन्हा त्या १९९८ च्या सिद्धान्ताकडे येऊ. २०२१ साली ऑस्ट्रेलियन नॅशनल युनिव्हर्सिटीतल्या लिंडेल ब्रॉमहॅम आणि सहकाऱ्यांनी तोच प्रश्न कितीतरी मोठ्या प्रमाणावर तपासला: ७० खाद्यपरंपरा, ३३,७५० पाककृती, ९३ मसाले. मोठ्या आकड्यांपेक्षाही महत्त्वाची होती त्यांची पद्धत. देशांना एकमेकांपासून स्वतंत्र मानणं चूक आहे, हे त्यांनी हिशोबात धरलं. इंग्रज शास्त्रज्ञ फ्रान्सिस गॉल्टन यांनी १८८९ साली मानववंशशास्त्रज्ञ एडवर्ड टायलर यांच्या निबंधावर हीच हरकत घेतली होती. भरीत जळगावात होतं, धुळ्यात होतं, बुऱ्हाणपुरातही होतं. तिन्ही ठिकाणी ऊन कडक असतं, म्हणून ‘उन्हामुळे भरीत’ याचे तीन पुरावे मिळाले असं कुणी म्हणालं तर आपल्याला हसू येईल. लोक, सोयरिकी आणि बाजार एकच असल्यामुळे ती चव सगळीकडे पोचली, हे इथल्या कुणालाही ठाऊक आहे. जगाच्या नकाशावर मात्र शेजारी देशांच्या बाबतीत संशोधक नेमकं हेच विसरत होते.

हा शेजार हिशोबात धरल्यावर तापमान आणि मसाले यांचं नातं टिकलं नाही. जिथे मसाल्याची झाडं जास्त उगवतात तिथे मसाले जास्त खातात, असंही दिसलं नाही. अन्नातून होणाऱ्या आजारांशी थोडा संबंध दिसला, पण तसाच संबंध गरिबीशी, कमी आयुर्मानाशी आणि रस्त्यावरच्या अपघाती मृत्यूंशीही दिसला. मसाल्यामुळे गाड्या धडकत नाहीत. मसालेदार जेवणाचे बरेच देश गरीब आहेत आणि गरीब देशांत आरोग्याचे सगळेच आकडे वाईट असतात, एवढाच त्याचा अर्थ.

एवढ्या लांब जायचीही गरज नाही. भुसावळजवळून वाहणारी तापी पुढे सुरतेला जाते. नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूर स्थानकाचा एक भाग महाराष्ट्रात आहे, दुसरा गुजरातेत. त्या फलाटावर ऊन बदलत नाही, जंतूही बदलत नाहीत. पण सुरतेपर्यंत गेलं की सुरती घरातल्या डाळीत गूळ पडतो, आणि तिथली दमट हवा तर जंतूंना जास्तच मानवणारी. हवामानाने चव ठरत असती तर हे घडलं नसतं.

मग ठरतं कशाने? मानसशास्त्रज्ञ पॉल रोझिन यांनी १९७० च्या दशकात मेक्सिकोतल्या एका खेड्यात यावर काम केलं. तिथल्या तान्ह्या मुलांना तिखट देत नसत. थोडी मोठी झाली की थोडं थोडं मिळायचं, नको म्हटलं तर कुणी बळजबरी करत नसे, आणि पाच-सहा वर्षांची होईपर्यंत बहुतेक मुलं आपणहून तिखट मागायला लागायची. त्याच गावातली कुत्री आणि डुकरं उष्ट्यातलं मिरचीचं अन्न रोज खात होती. पण निवड करायला दिल्यावर त्यांनी तिखट पसंत केलं नाही. नुसत्या सवयीने आवड निर्माण होत असती तर ती त्यांनाही झाली असती. माणसाच्या पोरात आणखी काहीतरी असतं. मोठी भावंडं, आई, आजी जे चवीने खातात ते चांगलं असणार, असं मानण्याची त्याची उपजत तयारी असते.

ही तयारी किती लवकर दिसते ते पाहिलं की थक्क व्हायला होतं. फिलाडेल्फियातल्या ज्युली मेनेला यांनी काही गरोदर बायकांना शेवटच्या तीन महिन्यांत, तर काहींना अंगावर पाजत असताना गाजराचा रस दिला. नंतर त्यांच्या बाळांनी गाजराच्या चवीची पेज इतर बाळांपेक्षा कमी तोंड वाकडं करून खाल्ली. अमेरिकेतल्याच दुसऱ्या एका अभ्यासात वर्षभराच्या बाळांना दोन बायकांचे व्हिडिओ दाखवले. एक इंग्रजी बोलून पदार्थ चाखायची, दुसरी फ्रेंच बोलून. इंग्रजी घरातली बाळं आपल्या भाषेत बोलणाऱ्या बाईचा पदार्थ जास्त निवडायची. अजून स्वतःला धड बोलता न येणारं मूल, काय खायचं हे भाषेवरून ठरवत होतं! अहिराणी, लेवा बोली, गुजरी, भिली, पावरी अशा बोली एकाच आठवडी बाजारात कानावर पडणाऱ्या आपल्या प्रदेशात या निष्कर्षाला फार मोठा अर्थ आहे.

इथे उत्क्रांती संपत नाही, उलट खोल जाते. जनुकांनी आपल्याला मिरचीची आवड दिली नाही; जवळच्या माणसांकडून आवड उचलण्याची ताकद दिली. अशी उचललेली रीत कधीकधी जीवही वाचवते. फिजी बेटांवर जोसेफ हेनरिक आणि नताली हेनरिक या संशोधकांना आढळलं की गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांना जे मासे वर्ज्य आहेत, त्यांतच विषबाधेचा सगळ्यात जास्त धोका असतो. का वर्ज्य, हे बायकांना नीट सांगता येत नव्हतं. त्या ते इतर बायकांकडून शिकल्या होत्या. तेव्हा ‘रीतीला कारण असतंच’ आणि ‘रीतीला काही कारण नसतं’ ही दोन्ही टोकाची वाक्यं टाकून, एकेक रीत वेगळी तपासावी लागते.

रोझिन यांनी आणखी एक गोष्ट टिपली. तिखट खाणाऱ्यांना सगळ्यात जास्त आवडणारा तिखटपणा हा सहन न होण्याच्या अगदी अलीकडचा असतो. शरीर धोक्याची घंटा वाजवत असतं आणि मनाला ठाऊक असतं की धोका नाही. मजा त्या फरकात आहे. पण मजेला एक अट आहे. वेदना आपण निवडलेली हवी, आणि हवी तेव्हा थांबवता यायला हवी. नंदुरबारच्या पथारीवर, म्हणजे मिरची वाळवायच्या मोकळ्या जागेवर, जाऊन पाहा. ओल्या लाल मिरचीचे गालिचे उन्हात पसरलेले असतात आणि बायका दिवसभर ती मिरची निवडत असतात. हातांची आग, डोळ्यांना पाणी, छातीत ठसका. द्रव्य तेच, ग्राहक तोच, मज्जातंतू तेच. त्यात मजा नाही, कारण थांबवणं त्यांच्या हातात नाही. तिखटाच्या मर्दुमकीच्या गप्पा मारणाऱ्यांनी हातमोजे आणि मास्क यांबद्दलही बोलावं, असं मला मनापासून वाटतं.

उत्क्रांती मानसशास्त्राचं आजवरचं मोठं दुखणं म्हणजे तिने पाहिलेली माणसं. मानसशास्त्राच्या प्रमुख नियतकालिकांतल्या प्रयोगांत ९६ टक्के सहभागी जगाच्या जेमतेम १२ टक्के लोकसंख्येच्या, मुख्यतः पाश्चात्त्य, श्रीमंत देशांतले होते. हेनरिक आणि दोन सहकाऱ्यांनी २०१० साली यावर मोठं बोट ठेवलं. पाच वर्षांनी मानसशास्त्राचे १०० प्रयोग पुन्हा करून पाहिले गेले, तेव्हा जेमतेम एक तृतीयांश निकाल टिकले. तेव्हापासून भाकीत प्रयोगाआधीच नोंदवून ठेवणं, माहिती सर्वांसाठी खुली करणं आणि अनेक देशांत एकाच वेळी प्रयोग करणं वाढत चाललं आहे.

आणि त्यासाठी खान्देशाइतकी चांगली जागा सापडणं कठीण. सुरतेच्या उधना-लिंबायत भागात खान्देशातून गेलेली असंख्य कुटुंबं पिढ्यान्‌पिढ्या राहतात. मुलांच्या घरात काळा मसाला आहे, शाळेतल्या मित्राच्या डब्यात गोड डाळ. या मुलांना, त्यांच्या गावाकडच्या चुलत भावंडांना आणि शेजारच्या सुरती मुलांना मोजून कॅप्सेसिन घातलेलं एकच वरण द्यावं, कोणती वाटी कोणती हे देणाऱ्यालाही माहीत नसावं. ऊन, घर आणि मित्र यांपैकी चव कोण ठरवतं, याचं भाकीत आधी लिहून ठेवावं. घरात अहिराणी बोलली जाते का, जेवण आजी वाढते का, हेही विचारावं. फारसा खर्च नाही, मोठी यंत्रं नकोत. माणसाच्या स्वभावाविषयीचा एक खरा प्रश्न इथल्याच एखाद्या महाविद्यालयातल्या मुलामुलींना सोडवता येण्यासारखा आहे.